लिफ्टसाहेबांचं लिमिट

"तिकिटं मी काढतो! कार्डावर!" लिफ्टसाहेब जेवता जेवता बोलून गेले आणि त्यांचा स्वतःचाच घास घशात अडकला. कारण बायकोनं हातातला डाव खाली ठेवून त्यांच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं तिनं त्यांच्याकडे लग्न ठरल्यापासून पाहिलं नव्हतं.

लिफ्टसाहेब हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत ते सुपरवायझर होते, म्हणून हाताखालच्या लोकांनी ते नाव पाडलं आणि हळूहळू बायकोही रागावली की तेच वापरू लागली. या बायकोची धाकटी बहीण समुद्रापलीकडे राहत होती. तिला जुळं झालं त्याला वर्ष होत आलं, पण सख्ख्या मावशीनं अजून एकाही बाळाला मांडीवर घेतलं नव्हतं. फोनच्या पडद्यावर दोन गोल टकली यायची, त्यातलं कोणतं रडतंय हेसुद्धा कळायचं नाही. फोन ठेवला की बायको टोपडी विणायला बसायची. अशात विमान कंपनीनं सवलत काढली, ती शनिवारपर्यंतच होती आणि लिफ्टसाहेबांच्या तोंडून ते वाक्य निसटलं.

"अहो, खरंच?"

"म्हणजे काय! शब्द म्हणजे शब्द."

ते हात धुऊन येईपर्यंत बायकोनं बहिणीला कळवलंसुद्धा होतं. तिकडे बहीण रडत होती, इकडे ही रडत होती. माळ्यावरची मोठी बॅग खाली आली आणि हॉलच्या मधोमध उघडी पडली. मग लिफ्टसाहेबांनी कार्डाचं लिमिट पाहिलं. त्यात फार तर एका माणसाचं तिकीट बसलं असतं, तेही फक्त जायचं.

घाबरायचं कारण नव्हतं. बँकेच्या अ‍ॅपवर लिमिट वाढवून मागायची सोय होती. लिफ्टसाहेबांनी पगार भरला, मोबाईल नंबर भरला. 'दुसरा नंबर' विचारला तिथं घरातल्या जुन्या फोनचा दिला. दिवसातला अर्धा वेळ ते लिफ्टच्या खड्ड्यात असत आणि तिथं मोबाईलला रेंज नसे. उत्तर लगेच आलं. 'उत्पन्नाच्या पडताळणीसाठी आमचा प्रतिनिधी आपल्याला फोन करील.' करू दे की! लिफ्टसाहेब निर्धास्त झोपले. घरचा फोन कोण उचलतं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

घरचा फोन उचलत अप्पा, म्हणजे लिफ्टसाहेबांचे वडील. फोनशेजारी त्यांची खुर्ची, खुर्चीवर उशी, हाताशी पाण्याचा तांब्या. नोकरीत असताना ते ऑफिसच्या हौशी नाटकांत काम करायचे, पण तिथं त्यांच्या वाट्याला कायम नोकर नाहीतर प्रेत. उभी हयात रंगभूमीवर आडवं पडून काढलेला माणूस! बोलायची हौस सगळी पोटात साठलेली.

ती बाहेर काढायची वाट खुद्द लिफ्टसाहेबांनीच दाखवली होती. एकदा फोनवरच्या एका गोड आवाजानं त्यांच्या गळ्यात पाय चोळायचं यंत्र मारलं. त्यावर आता टॉवेल वाळतात. तेव्हा त्यांनी घरात फर्मान काढलं, "अप्पा, फोनवर कुणी माझं नाव घेऊन पगार विचारला, की कटवायचं. काय वाट्टेल ते सांगा. आणि हल्ली आवाजाची नक्कल करून फसवतात, तेव्हा साक्षात माझा आवाज आला तरी विश्वास ठेवायचा नाही!"

अप्पांना आयुष्यात पहिल्यांदा बोलायची भूमिका मिळाली. सुरुवातीला ते "घरी नाही" म्हणायचे. मग "नोकरी गेली" आलं, मग "घर सोडून निघून गेलाय". पण लोक चिवट असतात, पुन्हा फोन करतात. शेवटी अप्पांना रामबाण सापडला. ते थोडा वेळ गप्प राहत, एक हुंदका देत आणि म्हणत, "वारला हो माझा मुलगा." त्यावर पुन्हा फोन करायची छाती कुणाची झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी लिफ्टसाहेब खड्ड्यातून ग्रीसनं माखलेले हात पुसत वर आले आणि मोबाईल किणकिणला. 'आपल्या निधनाबद्दल आम्हाला अतीव दुःख आहे. आपलं कार्ड व पगाराचं खातं तूर्त गोठवण्यात आलं आहे. आमच्या सेवेबद्दल आपला अभिप्राय कळवा.'

 लिफ्टसाहेबांनी मेसेज पुन्हा वाचला. मग नकळत स्वतःची नाडी पाहिली.

घरी फोन लावला तर लागेना. अप्पा कुणाला तरी कटवत असणार. ते तडक ऑफिसात गेले, तर टेलिफोनवर बसणारी बाई त्यांना पाहून किंचाळली आणि टेबलाखाली शिरली. बँकेनं खात्री करायला ऑफिसातही फोन केला होता. तिनं आपल्या परीनं उत्तर दिलं होतं, "सकाळी खड्ड्यात उतरले ते अजून वर आलेले नाहीत." झालं! बँकेला आणखी काय हवं होतं?

पण खरा धक्का पुढेच होता. खिडकीजवळच्या त्यांच्या खुर्चीत हिशेबनीस पाय लांब करून बसला होता.

"तुम्ही?" हिशेबनीस ताडकन उठला. "साहेब, तसं काही नाही हो. खुर्ची रिकामी बघवेना."

"अरे, मला जाऊन तास तरी झाला होता का?"

"म्हणजे तुम्ही खरंच गेला होतात?"

लिफ्टसाहेबांनी कपाळाला हात लावला आणि बँकेचा रस्ता धरला.

बँकेतल्या मॅडम अतिशय सभ्य होत्या. त्यांनी पडद्यावर पाहिलं, लिफ्टसाहेबांकडे पाहिलं, पुन्हा पडद्यावर पाहिलं.

"सर, आमच्या नोंदीप्रमाणे अर्जदार वारलेले आहेत."

"अहो मॅडम, मी समोर उभा आहे!"

"तुम्ही बसा ना, सर. उभे कशाला?"

"मी जिवंत आहे!"

"ते मला दिसतंय. पण माहिती सख्ख्या वडिलांनी दिली आहे. आमचा प्रतिनिधी इतका हेलावला की अर्ध्या दिवसाची रजा घेऊन आईला भेटायला गेला. आता ही नोंद बदलायची तर वडिलांनीच सांगायला हवं." असं म्हणून मॅडमनी लिफ्टसाहेबांच्या डोळ्यांदेखत घरचा नंबर फिरवला आणि फोनचा स्पीकर चालू केला.

"नमस्कार, बँकेतून बोलतेय. आपल्या मुलाच्या उत्पन्नासंबंधी..."

 पलीकडून आधी शांतता आली. मग हुंदका. मग अप्पांचा घोगरा आवाज अख्ख्या बँकेत घुमला.

"कशाला जखमेवर मीठ चोळता, बाई? कसलं उत्पन्न आणि कसलं काय! कमावता मुलगा होता. अजून दाराशी त्याच्या चपला तशाच आहेत."

रांगेतल्या एका आजीबाईंनी डोळ्याला पदर लावला.

"अप्पा!" लिफ्टसाहेब फोनवर अक्षरशः तुटून पडले. "अप्पा, मीच बोलतोय!"

पलीकडे क्षणभर सामसूम झाली. लिफ्टसाहेबांच्या जिवात जीव आला. आणि मग अप्पा कडाडले, "अरे नालायका! मेलेल्या माणसाच्या आवाजाची नक्कल करतोस? बापाला फसवतोस? माझ्या मुलानं मला बजावून ठेवलं होतं, असले भामटे फोन करतील म्हणून! आत्ताच्या आत्ता पोलिसांना कळवतो!"

फोन आपटल्याचा आवाज आला.  दारावरचा रखवालदार हळूच दोन पावलं लिफ्टसाहेबांच्या जवळ सरकला.

"आता एकच मार्ग आहे," मॅडम जपून बोलल्या. "आमचे तपासनीस प्रत्यक्ष घरी येऊन पाहतील. ते आज तुमच्याच भागात आहेत. मी कळवते त्यांना."

लिफ्टसाहेब घराकडे अक्षरशः धावत सुटले. नोकरी लिफ्टच्या कंपनीत, पण स्वतः राहत त्या इमारतीत मात्र लिफ्ट नाही, त्यामुळे चार जिने चढून ते दारात पोचले तेव्हा त्यांना बोलताही येत नव्हतं. आत पाऊल टाकलं ते थेट उघड्या बॅगेत. समोर एक पोक्त, टक्कल पडलेले गृहस्थ अप्पांच्या शेजारी बसून चहा पीत होते.

"हा बघा, हाच तो," अप्पा कौतुकानं म्हणाले. "चांगला धडधाकट आहे."

"अप्पा! तुम्ही यांना खरं सांगितलंत?"

"म्हणजे? दाराशी आलेल्या माणसाला खोटं सांगायचं? मी काय तसा आहे का? खोटं फक्त फोनवर!"

लिफ्टसाहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तो जेमतेम अर्धा टाकून झाला असेल.

"फार मोकळ्या मनाचे आहेत तुमचे वडील," तपासनीस कप खाली ठेवत म्हणाले. "सगळंच सांगितलं त्यांनी. घर त्यांच्या नावावर आहे. विजेचं बिल ते भरतात. किराणाही तेच आणतात. तुम्ही दर महिन्याच्या शेवटी त्यांच्याकडून उसने घेता आणि पायांच्या यंत्राचे हप्ते अजून चालू आहेत."

"अप्पा!"

"त्यांनी विचारलं, मी सांगितलं!"

"तेव्हा लिमिट वाढवणं तर अवघड दिसतं," तपासनीस म्हणाले. "शिवाय तुम्हाला आधी हयात करून घ्यावं लागेल. त्याला वेळ जातो. मात्र अप्पा, तुमची पेन्शन आमच्याच बँकेत येते. तुमच्या नावानं तर कार्ड केव्हाच मंजूर होऊन पडलंय, चांगलं भरभक्कम. आम्ही वर्षभर फोन करतोय. दर वेळी कुणीतरी सांगतं की तुम्ही घर सोडून निघून गेलात."

अप्पा खोकले आणि तांब्यातलं पाणी प्यायले.

बायको घरी आली तेव्हा लिफ्टसाहेबांनी मान खाली घालून तिला सगळं सांगितलं.  तिनं फक्त बॅगेतले घडी केलेले कपडे एकेक करून बाहेर काढायला घेतले. वर होती ती तिनं स्वतः विणलेली दोन टोपडी. ती मात्र तिच्या हातातच राहिली. ते पाहून लिफ्टसाहेबांना खरोखर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ठेव ते कपडे आत," अप्पा खुर्चीतून म्हणाले. "तिकिटं मी काढतो. कार्डावर."

बायकोनं अप्पांकडे जी नजर टाकली, ती लिफ्टसाहेबांच्या चांगलीच ओळखीची होती.

शनिवारच्या आत तिकिटं निघाली. एक सुनेचं आणि एक अप्पांचं. "तू कुठं येतोस?" अप्पा म्हणाले. "तू अजून कागदावर वारलेला आहेस, विमानतळावर नसता घोळ नको. शिवाय बँकेचा फोन आला तर घरी कुणीतरी नको का?"

निघायच्या दिवशी टॅक्सी खाली उभी असताना लिफ्टसाहेबांनी न राहवून विचारलं, "अप्पा, एक सांगा. ते रडू तुम्हाला इतकं खरं कसं यायचं?"

अप्पांनी चपलेत पाय घातला आणि त्यांच्याकडे न बघताच म्हणाले, "त्यात काय! क्षणभर समजायचं, खरंच तसं झालंय. मग थांबवावं लागतं, आणावं नाही लागत. चल, उचल बॅग."

लिफ्टसाहेबांनी बॅग उचलली आणि दुसऱ्या हातानं अप्पांचा हात धरून चारही जिने उतरले.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी घरचा फोन वाजला. लिफ्टसाहेब अप्पांच्या खुर्चीत, अप्पांच्या उशीला टेकून बसले होते. त्यांनी पहिल्याच घंटीला उचलला.

"नमस्कार, बँकेतून बोलतेय," मॅडमचाच आवाज. "अप्पांनी परदेशातून लिमिट वाढवून मागितलंय. नातवंडांसाठी खरेदी करायची म्हणतात. त्यासाठी थोडी पडताळणी होती. आपण त्यांचे कोण?"

"मुलगा."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज झाला. "पण सर, आमच्या नोंदीप्रमाणे त्यांचा मुलगा वारलाय."

"हो," लिफ्टसाहेब म्हणाले. "तोच बोलतोय."

"बरं, बरं. तुमचा हयातीचा अर्ज अजून वरती आहे, सर. होईल लवकर." मॅडमचा आवाज एकदम मऊ झाला. "मग फक्त एकच सांगा. त्यांच्या उत्पन्नावर घरात कुणी अवलंबून आहे का?"

लिफ्टसाहेबांनी विजेच्या भरलेल्या बिलाकडे पाहिलं, अप्पा जाताना भरून ठेवून गेलेल्या डब्यांकडे पाहिलं. काय वाट्टेल ते सांगून कटवायची सोय होती. फर्मान त्यांचंच होतं.

"आहे," ते म्हणाले. "मीच."