बैलाच्या पोटातला साका

आमच्या शाळेतले रसायनाचे मास्तर माणिकराव कुणाकडे गेले, की समोर आलेल्या खाऊची चिमूट आधी पाण्याच्या पेल्यात टाकायचे. पेढा असो की देवाचा अंगारा. विरघळलं तर नुसती मान हलवायचे. तळाला बसलं तर नातू झाल्यासारखे खूश. माझ्या सासुरवाडीच्या लाडवाचीही त्यांनी हीच परीक्षा घेतली. लाडू तळाला बसला आणि आमची बायको त्यांच्याशी बोलेनाशी झाली.

निजामाचं राज्य, बिदरची शाळा, शिकवणं सगळं उर्दूतून. मी शेजारच्या वर्गात हिशेब घ्यायचो. भिंतीपलीकडून यांचं एकच चालू. दोन क्षारांची नितळ पाणी एकत्र ओता, खाली साका बसेल, त्याला रसूब म्हणा. तो गाळा, धुवा, वाळवा. "आनकी एक पानी," असं म्हणत पोरांना तोच साका इतक्यांदा धुवायला लावायचे, की पोरं पार वैतागून जायची.

गृहस्थ एकटा. गुंडक्काच्या घरात खोली घेऊन राहायचा. गुंडक्का विधवा बाई, थोडी जमीन आणि ढवळ्या-हौशा ही बैलजोडी, एवढाच तिचा संसार. बैलांचा सण आला, कारहुणवी, तेव्हा हे म्हणाले, "अक्का, बाजारातला रंग पयल्या पावसात जातो. माझा पान्यात विरघळतच न्हाई."

शिशाच्या क्षाराचं पाणी घेतलं, त्यात क्रोमेटचं ओतलं आणि पिवळाधमक साका पाडला. तो जवसाच्या तेलात खलून हौशाची शिंगं स्वतः रंगवली. शिंगं अशी झळकली, की गल्ली बघायला लोटली.

दुपारी मी माणिकरावांच्या खोलीवर बसलो होतो, तेवढ्यात गुंडक्कानं हाक मारली. "मास्तर, हौशाची शिंगं ढवळ्या चाटायलाय बघा."

चाटणारच की. जवसाचं तेल म्हणजे बैलाला खाऊ. पण माणिकरावांचा चेहरा उतरला.

"विरघळत न्हाई म्हनलाव की," मी म्हणालो.

"पान्यात न्हाई. पोटात आम्ल असतंय. तितं शिसं सुटलं की जनावर मरतंय, मास्तर."

आणि पळाले. आधी हौशाची शिंगं पुसली, मग तसेच बोडक्या डोक्यानं शाळेत. येताना जुलाबाचं मीठ आणलं. "आता पोटातच रसूब पाडायचा. शिसं ह्या मिठाला धरून बसतंय आन् शेनासंगं भायेर पडतंय." ते पाण्यात कालवून ढवळ्याला बांबूच्या नळ्यानं पाजलं. पुढं गोठ्यात जे झालं ते सांगण्यासारखं नाही. गुंडक्का खराटा घेऊन म्हणाली, "लई शिकलाव की वो मास्तर."

तरी ढवळ्या कडब्याला तोंड लावेना. पेरणी तोंडावर आलेली. "ह्यो गेला तर म्या कुनाला जुंपू?" म्हणून बाई रडायला लागली. माणिकराव शाळेआधी गोठ्यात, शाळेनंतर गोठ्यात. मी बोलवायला गेलो, तर बैलाच्या पोटावर हात ठेवून बसलेले.

"गावाकडं, औरादला, आमचीबी जोडी व्हती," ते म्हणाले. "म्या शिकाया गेलो, बापानं एकट्यानं शेत केलं. त्यो गेला तवा म्या हैद्राबादेत परीक्षेला बसलो व्हतो. मंग चुलत्यानं जमिनीवर पाय ठिवू दिला न्हाई."

इतक्या वर्षांत हा माणूस रसूबाशिवाय कशावर बोललेला मी ऐकला नव्हता. मला फार वाईट वाटलं.

दोन-चार दिवसांनी ढवळ्यानं कडबा ओढला. माणिकराव त्या दिवशी वर्गात शिकवता शिकवता गाणं म्हणत होते, असं पोरं सांगतात. माझा विश्वास नाही.

पेरणीच्या दिवशी गुंडक्कानं आम्हा दोघांना शेतावर नेलं. ढवळ्या-हौशा तिफणीला जुंपलेले, तिफणीवर बी सोडायचं लाकडी चाडं. तिनं पदरातलं ज्वारीचं बी माणिकरावांच्या ओंजळीत ओतलं.

"चाड्यावर मूठ धरा, मास्तर."

"अक्का, माझ्या हातानं? येवढं करून?"

"तुमच्या हातानं बैल वाचला माझा. आन् दरसालची पयली मूठ तुमचीच. घरात गडीमानूस असताना म्या भायेरचा कामून बोलवू?"

माणिकरावांनी पायातल्या वहाणा बांधावर काढल्या आणि तिफणीमागं उभे राहिले. बी अगदी एकसारखं पडत होतं.