प्रमाण आत्या

पगाराचा तिसरा हिस्सा मोजून आणलेला हेडफोन संध्याकाळी सहापर्यंत परत करता येणार होता, आणि चार वाजले तरी तो चांगला की वाईट, हेच त्याला ठरवता येत नव्हतं. ऐकायच्या पुस्तकांचं ध्वनिमुद्रण तपासणं हे त्याचं काम. जुन्या स्वस्त हेडफोनमधून पुस्तकं वाचणारे सगळे भारदस्त वाटायचे; नव्यातून तेच आजारातून उठल्यासारखे.

"नवा बिघडलेला दिसतोय."

"किंवा जुना सात वर्षं थापा मारतोय," बायको म्हणाली. ती दुकानांमधले वजनकाटे तपासायची. "मूळ आवाज माहीत नसेल तर ताडणार कशाशी? प्रमाण हवं."

प्रमाण घरातच होतं. त्याच्या आत्याने, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिकेने, औषधाच्या बाटलीबरोबरचा कागद खणखणीत वाचला आणि त्याने तो ध्वनिमुद्रित केला. ऐकून आत्या भडकली.

"ही कोण चिरकी बाई?"

"आत्या, हुबेहूब तुमचाच आवाज आहे," बायको म्हणाली.

"माझा आवाज मी सत्तर वर्षं ऐकतेय. तू मला सांगतेस?"

आता प्रमाणच वादात सापडलं. शेवटी बायकोने त्याच्या डोळ्यांवर ओढणी बांधली आणि आळीपाळीने दोन्ही हेडफोन कानांवर चढवून तेच वाचन ऐकवलं. त्याने आधी जुना निवडला, मग नवा, मग पुन्हा जुना. त्याचं डोकं भणभणायला लागलं. चौथ्या वेळी मात्र तो ओरडला, "हाच! श्वाससुद्धा ऐकू येतोय. आत्या समोर बसून बोलतेय जणू!"

बायकोने ओढणी सोडली. त्याच्या डोक्यावर जुना हेडफोन होता, पण वायरीची पिन बायकोच्या हातात होती. समोर आत्या बसली होती, कागद घेऊन.

"ही वायरीशी झटापट करत बसली, म्हटलं मीच वाचते. आणि पाठ ताठ कर आधी!"

"संपलं," बायको म्हणाली. "खरा आवाज जुन्यातूनच आला, तोही पिन न लावता. चल, दुकान गाठू."

खोक्यात भरण्याआधी त्याने नवा हेडफोन एकदा तसाच, वायरीशिवाय, कानांवर चढवला. जाड गाद्या घट्ट बसल्या. आत्याचे ओठ हलत होते, बोट त्याच्या पाठीकडे रोखलेलं होतं. ऐकू मात्र अक्षरही येत नव्हतं.

त्याने एक कान मोकळा केला. "ठेवू या हा."

"का? खरी आत्या जुन्यातून ऐकू आली ना?"

"म्हणूनच," तो म्हणाला आणि कान पुन्हा झाकला.