एका बटणाने काही बंद होत नसतं!

"तीन तास? अगं, तेहतीस वर्षं तोंड बंद ठेवून काढलीत मी! तीन तासांचं काय घेऊन बसलीस!"

ढुंढिराज गायधनींनी लेकीला असं छातीठोक सांगितलं, तेव्हा स्वयंपाकघरात इंदिराबाईंच्या हातून डाव निसटला. तेहतीस वर्षं त्यांनी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात, कंट्रोल रूममध्ये काढली, हे खरं. तोंड बंद ठेवून काढली, हे मात्र त्यांच्या हाताखालच्या एकाही माणसाने कबूल केलं नसतं. आणि निवृत्त झाल्यापासून तो सगळा आवाज एकाच गोष्टीवर लागत होता. सिनेमावर!

बरं, सिनेमा आवडत नाही म्हणावं, तर तसंही नाही. नवा मारधाडीचा किंवा खुनाच्या तपासाचा सिनेमा लागला रे लागला की पहिल्या खेळाला गायधनी हजर. घरी येताना चेहरा लालबुंद.

"सातशे गुंड! सातशे! आणि मार खायला एकेकटे येतात! बाकीचे सहाशे नव्व्याण्णव काय नंबर लावून उभे असतात? रेशनच्या दुकानात तरी एवढी शिस्त असते का?"

"अहो, पाणी तरी प्या आधी."

"पाणी कसलं पाजतेस! खांद्यात गोळी, मांडीत सुरा, आणि हा पठ्ठ्या हेलिकॉप्टरला लोंबकळतोय! माझी परवा दाढ काढली तर दोन दिवस मऊ भात गिळवेना! आणि ते पोलीस! खुन्याच्या घरात शिरतात ते अंधारात, चाचपडत. अरे, दिवा लावा! बटण दाराशेजारीच असतं! आणि खुनी कोण? तर पहिल्या दहा मिनिटांत जो सगळ्यांना हसून चहा देतो तो! मी चहावरून ओळखतो! इंटर्व्हलपर्यंत थांबावंच लागत नाही मला!"

हे घरी चाललं असतं तर कोणाचं काही जात नव्हतं. पण गायधनी हे सगळं थिएटरात बोलायचे, पडद्याकडे बोट दाखवून. खुन्याचं नाव आधीच जाहीर केल्याबद्दल एका थिएटरवाल्याने त्यांना बाहेर काढलं होतं. दुसऱ्या ठिकाणी त्यांच्यापायी इंदिराबाईंना शाल सावरत मागच्या दाराने निघावं लागलं होतं.

आता राहिलं होतं नाशिकरोडचं चार पडद्यांचं थिएटर. आणि तिथे त्यांची लेक सई मॅनेजर होती! तीही प्रोबेशनवर. सहा महिन्यांतले शेवटचे दोन आठवडे उरले होते. शनिवारी पुण्याच्या मुख्य कार्यालयातून कोणी रविराज साहेब तपासणीला यायचे होते. त्यांनी होय म्हटलं तर सई कायम, नाही म्हटलं तर सरळ घरी.

"बाबा, हात जोडते. शनिवारी येऊ नका."

"शनिवारीच येणार! या सिनेमात औष्णिक वीजकेंद्र दाखवलंय. तीन आठवडे वाट बघतोय मी. तू पास नाही दिलास तर तिकीट काढून येईन!"

सईने कपाळाला हात लावला. "मग एक शब्द बोलायचा नाही. माझी नोकरी आहे ही, बाबा."

"अगं, मला काय कळत नाही?" ते एकदम मऊ झाले. लेकीवर जीव होता हो त्यांचा. "नाही बोलणार. जे वाटेल ते डायरीत लिहीन. मग तर झालं?"

शनिवारी दुपारी गायधनी सफारी घालून, खिशात दोन पेनं आणि हातात कंट्रोल रूमची जुनी काळी डायरी घेऊन खुर्चीत बसले. शेजारी इंदिराबाई. एसीची हवा लागताच त्या शालीत शिरल्या आणि नावं पडद्यावर यायच्या आत झोपल्या.

सिनेमा सुरू झाला. पहिली पाच मिनिटं बरी गेली. मग पडद्यावर वीजकेंद्र आलं आणि गायधनींच्या कपाळाची शीर तडतडायला लागली.

काय दाखवलं होतं म्हणून सांगू! बॉयलरशेजारी नायिका झुळझुळीत साडीत गाणं म्हणतेय. डोक्यावर हेल्मेट कोणाच्याच नाही. खलनायक कोट घालून थेट पॅनलरूममध्ये शिरतो, त्याला कोणी पास विचारत नाही. केंद्राचा मॅनेजर एका बॅगेच्या बदल्यात सगळ्या चाव्या त्याला देऊन टाकतो. आणि भिंतीवर एक लालभडक बटण! खलनायक म्हणतो, हे एक बटण दाबलं की सगळं शहर अंधारात!

"एक बटण?" गायधनींच्या तोंडून निघणारच होतं. त्यांनी रुमाल तोंडात कोंबला.

अहो, ग्रीड नावाची काही गोष्ट असते की नाही? एक केंद्र बंद पडलं तर दुसरी भार उचलतात. आणि एकलहऱ्याला संच ट्रिप करायचा, म्हणजे बंद पाडायचा, तर दोन बटणं एकाच वेळी दाबावी लागत! दोन! चुकून कोणाचं कोपर लागलं तर घोटाळा नको म्हणून. गायधनींनी हे तेहतीस वर्षं प्रत्येक नव्या पोराच्या डोक्यात घातलं होतं. त्यांनी रागारागाने डायरीत लिहिलं, "एका बटणाने काही बंद होत नसतं!" आणि खाली तीन वेळा रेघ ओढली. तिसऱ्या रेघेला कागद फाटला.

मागच्या रांगेत पुण्याचे रविराज साहेब बसले होते, हे त्यांना काय ठाऊक! रविराज साहेब मात्र मघापासून बघत होते. सफारीतला कडक म्हातारा, सिनेमा बघायचा सोडून मोबाइलच्या उजेडात काहीतरी नोंदतोय, मान हलवतोय, परत नोंदतोय. त्यांच्या मनात पाल चुकचुकली.

इंटर्व्हल झाला. आता बोललं नाही तर आपला बॉयलर फुटणार, असं गायधनींना वाटायला लागलं. पण वचन हॉलमधलं होतं, बाहेरच्या पॅसेजचं थोडंच होतं! पॅसेजच्या टोकाला खिशात टेस्टर अडकवलेला एक माणूस उभा होता. थिएटरचा इलेक्ट्रिशियन जयराम, मूळचा निफाडकडचा. टेस्टर बघून गायधनींना सख्खा भाऊ भेटल्यासारखं झालं.

"काय चाललंय काय हे?" ते त्याच्यावर तुटूनच पडले. "हेल्मेट नाही! अर्थिंगचा पत्ता नाही! कोणीही उठतो आणि सरळ पॅनलरूममध्ये जातो! लोकांच्या जिवाशी खेळ आहे हा!"

"साहेब, म्या काय केलं?" जयराम भिंतीला टेकला. "आपलं समदं नीट हाय. लय ध्यान देतो म्या."

"तुम्हाला नाही म्हणत हो! पण हे बघून तुमचं रक्त कसं उसळत नाही?"

मागून घाईघाईने कोणी आलं. गळ्यात ओळखपत्र, हातात समोशांची बशी. "नमस्कार. मी रविराज, मुख्य कार्यालयातून. आपण कुठून आलात, साहेब?"

"एकलहऱ्याहून! सगळी हयात विजेत गेली माझी!"

"तपासणीला आलात का?"

"सिनेमाला आलो होतो! पण डोळे मिटून बसायची सवय नाही मला. समोर चूक दिसली की लिहिणार. सत्तावीस चुका झाल्यात, अजून अर्धा बाकी आहे!"

रविराज साहेबांचा चेहरा उतरला. सरकारी विद्युत निरीक्षक! न कळवता साध्या प्रेक्षकासारखा येऊन बसलेला! त्यांनी समोशांची बशी पुढे केली. "घ्या ना. आणि... आपण काही कारवाई करणार का?"

"सोडतो की काय! पेपरात देणार! असल्या लोकांच्या हाती परत वीजकेंद्र काय, साधा टॉर्चसुद्धा देऊ नये!"

"चूक मुख्यतः कोणाची वाटते आपल्याला?"

"मॅनेजरची!" गायधनींनी समोसा असा फोडला, जणू तो पडद्यावरचा मॅनेजरच. "मॅनेजर शुद्धीवर असता तर हे झालंच नसतं."

"मॅनेजर नवीन असेल तर..."

"नवीन असो नाहीतर जुना! पहिलं त्याला घरी पाठवा! नोटीस नको, चौकशी नको!"

रविराज साहेबांनी खिशातून मोबाइल काढला आणि त्यात काहीतरी टिपून घेतलं. काय टिपलं असेल, ते तुम्हीच ओळखा. बापाने लेकीच्या नोकरीवर समोसा खाता खाता पाणी सोडलं होतं आणि वर चटणी मागितली होती!

"साहेब, निर्णय घ्यायच्या आधी आमची पॅनलरूम एकदा बघून घ्या," रविराज साहेब काकुळतीने म्हणाले.

गायधनी फुलले. सईने सांगितलेलं दिसतंय आपले बाबा कोण आहेत ते! गुणाची पोर. निवृत्त माणसाला हल्ली विचारतं कोण? त्यांनी सफारी खाली ओढून नीट केली आणि ते निघाले.

पॅनलरूम खरोखर बघण्यासारखी होती. खाली रबरी चटई, पॅनलवर दसऱ्याच्या पूजेचं कुंकू, झेंडूची सुकलेली माळ. गायधनींचा राग अर्ध्यावर आला. "वा, जयराम! याला म्हणतात काम!" असं म्हणून ते वळले, आणि भिंतीवर नजर गेली.

लालभडक बटण! तळहाताएवढं, प्लास्टिकच्या झाकणाखाली.

राग परत होता तिथे आला. "हे बघा! हेच! हेच दाखवून लोकांना येडं बनवतात! एक बटण दाबलं की म्हणे सगळं बंद!"

"साहेब, ते आग लागली तर..." जयराम पुढे आला.

"मध्ये बोलू नका! दुसरं कुठे आहे?"

"दुसरं नाय साहेब, योकच..."

"असणारच! मागे कुठेतरी असतं. एकटं दाबून काही होत नाही. दोन्ही एकदम दाबावी लागतात. हे बघा, दाखवतो!"

"साहेब, नगा!"

गायधनींनी झाकण उचललं आणि दाबलं.

काय शांतता पसरली म्हणता! एसी थांबला, पंखा थांबला, चारही पडदे विझले. जनरेटरसुद्धा उठेना, कारण आग लागल्यावर तोही बंद व्हावा म्हणूनच तर ते बटण होतं. दाराच्या वरचे बॅटरीचे हिरवे दिवे तेवढे राहिले. क्षणभराने चार हॉलमधून एकदम शिट्ट्या, आरडाओरडा आणि लहान पोरांचं रडणं सुरू झालं.

"दुसरं बटण... मी दाबलं नाही," गायधनी पुटपुटले.

धावत पावलं आली. टॉर्चचा झोत आधी जयरामवर पडला, मग रविराज साहेबांवर आणि मग हातात अर्धा समोसा घेतलेल्या सफारीवर.

"बाबा?"

"बाबा?" रविराज साहेब म्हणाले.

"म्याडम, ह्ये इन्स्पेक्टर साहेब तुमचे वडील हायेत?" जयराम म्हणाला.

"इन्स्पेक्टर? कोण इन्स्पेक्टर?" गायधनी म्हणाले. मग त्यांनी रविराज साहेबांच्या हातातल्या मोबाइलकडे पाहिलं, आणि आपण मघाशी कोणाला घरी पाठवायला सांगितलं ते त्यांच्या ध्यानात आलं. तोंडातला घास गिळवेना. दाढ काढल्यावरही इतकं दुखलं नव्हतं.

  सईने टॉर्च वळवला आणि ती धावत निघाली. एकेका हॉलमध्ये खुर्चीवर उभी राहून तिने खणखणीत आवाजात सांगितलं, "जागेवर बसा! आग नाही, धूर नाही, वीज येतेय. मुलांना जवळ घ्या." आवाज थेट बापाचा! चारही हॉल पाच मिनिटांत गप्प. रविराज साहेब तिच्या मागे मागे फिरत होते.

इकडे पॅनलरूममध्ये गायधनींनी सफारीच्या बाह्या वर केल्या. "जयराम, आधी सगळे भार काढा. मग एकेक चढवू." ते रागाने नाही, अगदी हळू बोलत होते. पंचवीस मिनिटांनी दिवे आले. पण सिनेमाची यंत्रं परत सुरू होईनात, म्हणून लोकांना पुढच्या खेळाचे पास देऊन सोडलं. इंदिराबाईंना उठवावं लागलं. "संपला का?" त्या म्हणाल्या. "छान होता."

तो आठवडा घरात फार वाईट गेला. गायधनी टीव्हीसमोर बसायचे, पडद्यावर हाणामारी चालायची आणि ते हूं की चूं करायचे नाहीत. सई जेवून सरळ खोलीत जायची. एकदा ते दाराशी जाऊन म्हणाले, "बेटा, मी त्या साहेबांना फोन करू का?"

"नको!" आतून सई आणि इंदिराबाई, दोघींचा आवाज आला.

शुक्रवारी पुण्याहून पत्र आलं. बाहेरच्या माणसाला पॅनलरूममध्ये स्वतःच्या हाताने नेलं, हे कोणता साहेब अहवालात लिहील? रविराज साहेबांनी लिहिलं होतं, 'अचानक घेतलेल्या सुरक्षा सरावात मॅनेजरने अतुलनीय प्रसंगावधान दाखवले.' सई कायम झाली!

गायधनी पेढे घेऊन आले. डोळ्यांत पाणी. "बघ! बाबांमुळे..."

"थांबा, बाबा," सई म्हणाली. "कायम झाल्यावर पहिला हुकूम मी सही करून लावलाय. मोबाइलवर दाखवते."

तिकीटखिडकीच्या काचेवर, बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत या सूचनेच्या खाली, गायधनींचा सफारीतला फोटो होता. खाली लिहिलं होतं, 'यांना प्रवेश नाही.'

गायधनींनी तो फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. राग आला, पण तो काढणार कोणावर? आणि आत वेगळंच काहीतरी कुरतडत होतं. शेवट! सिनेमाचा शेवट बघायचा राहिला होता! एवढ्या शिव्या घातल्या, पण झालं काय पुढे?

शेवटी त्यांनी इंदिराबाईंना पास देऊन पाठवलं. जाताना चहा पाजला, झोप येऊ नये म्हणून. परत आल्या तेव्हा ते दारातच उभे होते.

"काय झालं शेवटी? वीजकेंद्र वाचलं कसं?"

इंदिराबाईंनी शाल घडी करून ठेवली. "काही नाही हो. एक बटण असतं भिंतीवर, लाल. हिरो ते दाबतो आणि सगळं बंद होतं."

"बघ! मी काय म्हणत होतो! खोटं! साफ खोटं!"

"त्यात खोटं काय आहे?" इंदिराबाई म्हणाल्या. "अख्ख्या सिनेमात तेवढंच तर मला पटलं!"