पर्गोल्याची दुमड

"पाठ ताठ ठेव आणि अजिबात हलू नकोस!" गळ्यातली टेप सरसावत टेलरमास्तर म्हणाले.

घरामागच्या अंगणात, हातात चहाचा कप धरून, त्यांची बायको खुर्चीत श्वास रोखून बसली. इथे लाकडी पर्गोला, म्हणजे चार खांबांवरचा उघडा मांडव, उभारायचा आणि रविवारी त्याखाली तिच्या थोरल्या बहिणीला चहा पाजायचा, असा बेत होता. ताईचं सगळंच मोठं. घर मोठं, गाडी मोठी, तोंड तर त्याहून मोठं. तिला एकदा तरी गप्प करायचं, या नुसत्या विचारानंच बायकोची झोप उडाली होती. मास्तरही हवेत होते.

त्यांनी माप घेतलं, वर ढिलाईला चार बोटं धरली, खांब जमिनीत गाडायचे म्हणून खाली सढळ हातानं लांबी सोडली आणि सुतारकाकांना फोनवरच सगळं सांगून टाकलं.

"पण मास्तर, उंची जरा..."

"उभा जन्म मापं घेण्यात गेला माझा!" मास्तरांनी फोन ठेवला.

शुक्रवारी लाकूड कापूनच आलं. काकांनी पहिला खांब खड्ड्यात उतरवला. तो त्यांच्या खांद्याशीच संपला.

"कोंबड्या पाळताय का?"

"काहीतरीच काय! ही खुर्चीत बसली की डोक्यावर चार बोटं उरतात."

"आणि उठली की?"

मास्तरांचा चेहरा खर्रकन उतरला. "पण चहा... बसूनच पितात ना?"

"म्हणजे ताईनं रांगत यायचं?" बायकोला रडूच फुटलं. "आता आयुष्यभर ऐकवेल ती मला!"

"जास्तीचं असतं तर कापलं असतं," काका म्हणाले. "लाकूड वाढवू कसं?"

मास्तर खड्ड्याकडे बघत राहिले आणि एकदम ओरडले, "दुमड!"

"काय?"

"वाढत्या पोरांच्या पँटला मी खाली दुमड ठेवतो. पोरगं उंच झालं की उसवायची. जमिनीत गेलीय ती दुमडच की! काढा बाहेर!"

काकांनी कपाळावर हात मारला आणि मग तोच हात मास्तरांच्या पाठीवर मारला. खड्डे बुजले, खांब बाजूच्या फरशीवर आले, लोखंडी पट्ट्या आणि बोल्टांनी घट्ट आवळले गेले. बायको खालून दहा वेळा ये-जा करून आली, एकदा तर उडी मारून.

रविवारी ताई ताठ मानेनं आत शिरली. वर पाहिलं, खाली पाहिलं, खांब हलवून पाहिला. खोट सापडेना. शेवटी खुर्चीत टेकून ती हळूच म्हणाली, "भावजी, आमच्याकडेही असाच हवा हो. माप घेता?"

मास्तरांचा हात टेपकडे गेला.

"ताई," बायको किंचाळली, "आधी उठून उभी राहा!"