हिंदुराव घोरपड्यांचं मिनिट

आमच्या परिवहन कार्यालयात अपघात ज्या मिनिटात झाला ते मिनिट जप्त करून ठेवतात, आणि परवाना रद्द झालेल्या ड्रायव्हरची फेरपरीक्षा त्याच मिनिटात घेतात. मिनिटांच्या कपाटाच्या किल्ल्या माझ्याकडे असतात. डब्यांवरची धूळ पुसायची, लाखेचं सील शाबूत आहे ना ते पाहायचं, एवढंच काम. लोकांना वाटतं फार मोठा अधिकार आहे. कसला डोंबलाचा अधिकार!

नियम सरळ आहेत. ड्रायव्हरने तीच गाडी त्याच मिनिटात पुन्हा चालवायची. अपघात टळला तर पास, मिनिट संपलं. नाही टळला तर जे झालं तेच पुन्हा होतं, मिनिट डब्यात परत जातं आणि सहा महिन्यांनी पुढची तारीख मिळते. संधी तीनच. पास झाल्याने गेलेलं माणूस परत येत नाही, हे अर्जाच्या मागे छापलेलं आहे. अर्जाची मागची बाजू कुणी वाचत नाही.

हिंदुराव घोरपडे तिसऱ्यांदा आले होते. ते वडापची जीप चालवायचे, गावातून तालुक्याला माणसं नेणारी. घाटात वाघजाईच्या देवळासमोर वळण आहे. तिथे आमच्याकडचा प्रत्येक ड्रायव्हर स्टिअरिंग सोडून दोन्ही हात जोडतो. एका हाताचा नमस्कार देवीला चालत नाही, असं कुणीतरी कधीतरी ठरवून टाकलंय. बाकीच्यांच्या गाड्या वळतात. हिंदुरावांची कठड्यावर गेली. शेजारी त्यांची बायको होती, आक्काताई. ती गेली.

पहिल्या परीक्षेत त्यांचे हात सवयीने आपोआप जोडले गेले. दुसऱ्या वेळी हात जागेवर होते, पण ते सगळा वेळ तिच्याकडेच बघत राहिले. मला फार वाईट वाटलं, तरी निरीक्षकांनी शेरा 'नजर रस्त्यावर नाही' असाच लिहिला.

"सायेब, तिच्याशी बोललं तर चालतंय का?" त्यांनी या वेळी आधीच विचारलं.

आमचे निरीक्षक बोंगाळे साहेब. त्यांनी नियमांचं पुस्तक उघडलं. "मनाई नाही. वळणावर मात्र बोलू नका."

"आन् आज बी चुकलं तर?"

"तर मिनिट नष्ट करतात."

"म्हंजे शेवटचं तिला तसंच बघायचं. कठड्यावर."

साहेबांनी पुस्तक मिटलं. मी सील तोडलं.

दुपारचं ऊन, घाट, जुनी जीप. साहेब आणि मी मागे बसलो. त्या मिनिटात आम्ही नव्हतो, त्यामुळे तिला आम्ही दिसत नव्हतो. आक्काताईंच्या मांडीवर बहिणीकडे न्यायचा लाडवांचा डबा होता. "ऊन काय म्हनतंय बघा," त्या म्हणाल्या. हिंदुरावांनी मान हलवली. डोळे रस्त्यावर.

"अवो, देऊळ आलं. हात जोडा."

हिंदुरावांनी स्टिअरिंग आणखी घट्ट धरलं.

"जोडा की!"

जीप वळली. कठडा बाजूने निघून गेला. आक्काताईंनी घाईघाईने मागे वळून दोघांच्या वाटचा नमस्कार एकटीनेच केला, आणि मग नवऱ्याकडे बघितलं.

"देवीम्होरं हात जोडाय जमंना व्हय तुमास्नी? एवढा कसला ताठा आलाय?"

"अगं, ऐक की. मी…"

"माज्याशी बोलू नका. घरी गेल्याव बघते तुमच्याकडं."

त्यांनी तोंड बाहेर फिरवलं. आठ-नऊ सेकंद उरले होते. हिंदुराव "अगं, अगं" एवढंच म्हणत राहिले, आणि मिनिट संपलं.

आम्ही तिघं कार्यालयाच्या मागच्या मैदानात उभे होतो. साहेबांनी 'पास' लिहिलं.

"सायेब, नापास करता येतंय का?"

"का?"

"ती रागावून गेली वो. आधी तरी हसत गेली हुती."

बोंगाळे साहेबांनी पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळलं. एवढा वेळ त्यांनी ते कुणासाठी चाळलेलं मी पाहिलं नव्हतं. मग म्हणाले, "तशी तरतूद नाही."

परवाना त्याच दिवशी मिळाला. सील मी तोडलं होतं, याचं मला अजून वाईट वाटतं. कुणीतरी तोडणारच होतं, पण तोडलं मी.

आता मी रोज हिंदुरावांच्याच जीपने कामावर येतो. माणसं मागे दाटीवाटीने बसतात, टपावरही चढतात, पण ड्रायव्हरशेजारची सीट ते रिकामी ठेवतात. देऊळ आलं की सगळी जीप हात जोडते आणि कुणीतरी हटकून ओरडतं, "ओ ड्रायव्हर, देवीला हात जोडा की!" हिंदुराव स्टिअरिंग सोडत नाहीत. वळण संपल्यावर, रस्त्यावरची नजर न काढता, हळूच म्हणतात, "झालं की आता. सोड राग."

त्यांच्या वाटचे हात मी मागे बसून जोडतो.