महादेवप्पा सरांचं मोठं आतडं

लातूरच्या क्लासमध्ये महादेवप्पा सरांनी हजारो पोरांना मोठं आतडं शिकवलं, पण स्वतःचं दाखवायची वेळ आली तेव्हा त्यांचं धाबं दणाणलं. शौचाला रक्त पडत होतं. नेहमीच्या डॉक्टरांनी तपासणीचे दोन मार्ग सांगितले: दुर्बीण किंवा सीटी स्कॅन. दुर्बिणीची डॉक्टर होती दीपाली, सरांचीच जुनी विद्यार्थिनी.

"जिला बाकावर उभं केलं, तिच्यापुढं मी असा आडवा होऊ?" सर बायकोला म्हणाले.

"तिला तोंड कुठं दाखवायचं हाय तुमाला?" पार्वतम्मा म्हणाली.

सरांनी स्कॅनच धरला, तोही नांदेडला, जिथं ओळखणारं कुणी नाही. (स्कॅन म्हणजे पँट घालून फोटो, अशी त्यांची समजूत.) पण पोट साफ करायचं औषध याही तपासणीला होतंच. ते पिऊन सर लॉजच्या संडासाकडं ज्या वेगानं धावले, त्या वेगानं भूकंपातही घराबाहेर पडले नव्हते. पुढं मशीनवर मागून बारीक नळी आली, हवा भरली गेली. गुंगीचं औषध नाहीच.

"काका, हवा धरून ठेवा," टेक्निशियन म्हणाला.

सर टक्क जागे राहून फुगत गेले.

एवढं करून रिपोर्टात मांसाचा लहानसा कोंब निघाला. तो काढायला दुर्बीणच लागणार होती. म्हणजे पुन्हा तेच औषध, तीच धावपळ आणि शेवटी दीपाली. त्या आठवड्यात सर वर्गात एकदाही कुणावर ओरडले नाहीत. पोरं घाबरली.

दीपालीनं हाताला गुंगीची सुई लावली. सरांनी डोळे मिटले, उघडले.

"सुरू कधी करणार?"

"झालं, सर. कोंब काढला. तपासायला पाठवू, पण काळजीचं काही दिसत न्हाई."

पार्वतम्मानं पदरानं डोळे पुसले. "आधीच हिच्याकडं आला असता, तर एकदाच धावावं लागलं असतं."

सरांना इतकं हलकं वाटलं की बायकोचं म्हणणं त्यांनी चक्क मान्य केलं.

"मग घरी जाऊ?"

"गॅस पास झाला की जा," दीपाली म्हणाली.

तो तर सरांनी शिष्येसमोर सगळी ताकद लावून अडवून धरला होता. ती पडद्याआड गेली. पावलं दूर गेल्यासारखी वाटली, तसा सरांनी सुस्कारा सोडला आणि त्याच्या मागोमाग बाकी सगळं. शेजारच्या खाटेवरचा पेशंट दचकून उठून बसला.

पडद्यामागून शांत आवाज आला, "पास झालात, सर. आता घरी जा."