रंगनाथकाकांचा माळा

मला लिहिण्याचा अधिकार नाही, हे आधीच सांगतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी सहीच्या पुढे काही लिहिलेलं नाही, आणि बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलो म्हणून शेजाऱ्यावर लिहायला बसणं हा आगाऊपणाच. वाचकांनी सांभाळून घ्यावं. पण गावात दुधाचा थेंब नसताना जो माणूस रोज सकाळी सहाला बावीस रिकामे कॅन राखेनं घासतो, त्याच्याबद्दल गप्प कसं बसावं, हेही मला कळत नाही.

हे आमचे रंगनाथकाका. पाटोद्याजवळच्या आमच्या गावच्या दूध संस्थेचे सचिव. दुष्काळात जनावरं चारा छावणीला गेली तशी संस्था बंद पडली आणि मालकानं संस्थेची खोली परत मागितली. काकांनी संस्थेचं दप्तर, मापं, कॅन, दारावरची पाटीसुद्धा आपल्या दोन खोल्यांच्या घरात आणली. तिथं टँकरच्या पाण्याची चार टिपाडं आधीच होती. सुभद्राकाकू पंधरा दिवस त्या पसाऱ्यातून अंग चोरून चालल्या. सोळाव्या दिवशी त्यांनी पिशवी भरली.

"घरात माझा पाय मावंल तवा सांगावा धाडा," म्हणाल्या आणि पालीला भावाकडे गेल्या.

"येती की दोन दिसांत," काका म्हणाले. दोन महिने झाले. मग एका सकाळी त्यांनी जाहीर केलं, "माळा करायचा हाय. संस्थेच्या सामानासाठी." कुणी विचारलं नव्हतं, तरी 'संस्थेच्या सामानासाठी' हे ते प्रत्येकाला सांगत होते.

मी उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी होतो, म्हणून सगळं पाहायला मिळालं. गवंडी त्यांनी बोलावला नाही आणि टेपला तर हातच लावला नाही. "टेप कंपनीचा, वीत आपली," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुधाचं माप ते डोळे मिटून भरायचे आणि ते चुकायचं नाही, हे खरं आहे. पण दूध चुकलं तर थोडं परत ओतता येतं. भिंतीचं तसं नसतं.

भिंत आमची आणि त्यांची एकच. वाशासाठी भोक पाडायला त्यांनी पहार लावली. दोन वीत आत गेली की थांबायचं, असा हिशोब होता. पण भिंत दीड वितीचीच निघाली. आई चुलीपुढे भाकरी थापत होती. मांडणीच्या वर मातीचा पोपडा पडला आणि पहारेचं टोक आमच्या घरात आलं. आईनं परात बाजूला सरकवली.

"भावजी, भाकर पायजे व्हती तर दारातून मागायची," ती म्हणाली.

पहार हळूच मागं सरकली. मग आवाज आला, "वैनी, भित तुमच्या बाजूनं पातळ हाय."

ते भोक आठ दिवस तसंच होतं. त्यातून काका आमच्या कालवणाचा वास घेऊन मत द्यायचे.

बाभळीचे वासे, मोडक्या बैलगाडीच्या फळ्या आणि कमी पडलं तिथं संस्थेची पाटी, असा तो माळा उभा राहिला. पाटी उलटी बसली होती. खाली झोपलं की वर 'सहकारी' एवढंच दिसायचं, तेही पायांकडून वाचावं लागायचं. सगळे कॅन वर चढले आणि जमीन मोकळी झाली. काका माळ्याखालून ऐटीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालून दाखवत होते. टोपी आणि फळीत चार बोटं अंतर.

इथंच मला शंका आली. माळ्याची उंची काकांनी स्वतःच्या डोक्यावरून धरली होती, आणि काकू त्यांच्यापेक्षा वीतभर उंच. लग्नाच्या फोटोत दोघं सारखे दिसतात ते काका पाटावर उभे आहेत म्हणून. हे अख्ख्या गावाला माहीत आहे. मी कचरत म्हणालो, "काका, काकूंचं डोकं लागंल."

"आपलं माप चुकत न्हाई बे," ते खेकसले. "कालिजात हेच शिकवत्यात का?"

पालीला सांगावा मात्र त्यांनी धाडला नाही. सुट्टी संपली आणि मी बीडला होस्टेलवर परत आलो. मुलांना पहारेची गोष्ट सांगून खूप हसवलं.

परवा आईचा फोन आला. मी निघाल्याच्या दुसऱ्याच दिवशी काकांनी अख्खा माळा उतरवला म्हणे. मग दाराच्या चौकटीपाशी गेले. संध्याकाळी ते संस्थेतून येईपर्यंत काकू त्या चौकटीला डोकं टेकून उभ्या राहायच्या, त्याचा तेलकट डाग तिथं आहे. त्या डागावर त्यांनी हात ठेवला आणि तिथून वर दोन विती मोजल्या. तेवढ्या उंचीवर माळा पुन्हा बांधला. आता त्यांचाच हात फळीला पोचत नाही.

"आन् काकू?" मी विचारलं.

"भावजींनी सांगावा धाडला तशी आली सोमवारी. समदं घर हिंडून बघितलं, एकदाबी वाकली न्हाई." आई हसत पुढं म्हणाली, "आता घासायला कॅन तीच काढून देती. भावजी खाली हात वर करून उभे."